अडीच वर्षांचं मूल आणि शाळेचा फॉर्म

दिवाळी सरली की अडीच-तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात एक प्रश्न मुक्कामाला येतो. "मग, शाळेत कुठं घालणार?" जिन्यात शेजारी विचारतात, फोनवर मावशी विचारते. तोवर समोरच्या बिऱ्हाडानं फॉर्म भरूनही टाकलेला असतो आणि आपल्याला एकदम उशीर झाल्यासारखं वाटू लागतं.

उशीर सहसा झालेला नसतो. मात्र वय, कागद आणि शाळेची निवड यांचा क्रम चुकला तर धावपळ होते. म्हणून हे काम कसं करायचं ते एकेक पायरी घेऊन पाहू. आपलं पहिलंच मूल असेल आणि घरात विचारायला जाणतं कुणी नसेल, तरी काळजी नको.

आधी नावांचा गुंता सोडवू. पहिलीच्या आधीचं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं जे शिक्षण, ते पूर्वप्राथमिक शिक्षण. सरकारच्या बालविकास योजनेतून चालते ती अंगणवाडी. महापालिका किंवा सेवाभावी संस्था चालवतात ती बहुधा बालवाडी. खासगी शाळांत याच तीन वर्षांना नर्सरी, ज्युनिअर केजी आणि सीनिअर केजी म्हणतात. मराठी शाळांत शिशुवर्ग, छोटा गट, मोठा गट अशी नावं ऐकू येतात. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलीच्या आधीच्या वर्गाला बालवाटिका म्हटलं आहे.

प्लेग्रुप हा शब्द मात्र फसवा आहे. काही ठिकाणी तो नर्सरीसाठीच वापरतात, तर काही ठिकाणी दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या खेळवर्गासाठी. चौकशी करताना वर्गाचं नाव विचारून थांबू नये, "किती वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचा हा वर्ग?" असं विचारावं. तीन वर्षांच्या आतलं मूल प्लेग्रुपला गेलं नाही, तर पुढं त्याचं काहीही अडत नाही.

आता मुळात पाठवायचं कशासाठी? घरात आजी-आजोबा आहेत, अंगण आहे, चुलत भावंडं आहेत, मग शाळेची एवढी घाई का, असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच मातीत सापडतं.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दामागं ते खरंखुरं अंगण आहे. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी चराईच्या जागेवरच कुरणशाळा चालवली. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, दगड, पानं अशा भोवतालच्या वस्तूंची साधनं केली. शिकण्याआधी मुलाचं अंग धुतलेलं असावं, पोटात काही असावं आणि त्याला तिथं यावंसं वाटावं, हे त्यांनी ओळखलं होतं. मला आजही बालवाडीची यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही.

चांगल्या बालवाडीत मूल काय करतं ते जवळून पाहावं. ते मणी ओवतं. ओवताना अंगठा आणि तर्जनी यांची चिमटीची पकड बसते, आणि पुढं पेन्सिल धरायला हीच पकड लागते. ते टाळ्या वाजवत बडबडगीत म्हणतं. यमक जुळताना शब्दातले आवाज त्याच्या कानाला वेगळे होऊन ऐकू येतात, आणि 'क' ला काना 'का' समजायला हाच कान लागतो. घसरगुंडीपाशी ते आपली पाळी येईपर्यंत थांबतं. घरात दोन-तीन मोठी माणसं त्याची प्रत्येक खूण ओळखतात. इथं मात्र पाणी हवं असेल तर त्याला तोंडानं सांगावं लागतं. आजीच्या मायेनं मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि वीस समवयस्कांत मिळणाऱ्या वेगळ्या. मुलाला दोन्ही हव्यात.

मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. तीन ते आठ वर्षांचा काळ धोरणात 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र धरला आहे, तो म्हणूनच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ५८ मुलांना चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण मिळालं, बाकीच्यांना मिळालं नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला, तेव्हा बालशाळेत गेलेल्यांची कमाई अधिक आणि अटकेची वेळ कमी आलेली दिसली. तिथं शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असत. शाळेचं नाव किंवा इमारत यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

बहुतेकांचं चुकतं ते इथंच. मूल किती लिहितं, यावर शाळेची परीक्षा केली जाते. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत पानंच्या पानं गिरवलेली दिसली की आपल्याला समाधान वाटतं, पण त्या वयात बोटांचे स्नायू आणि मनगट लिहिण्याजोगे झालेलेच नसतात. शालेय अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करायला नेमलेल्या यशपाल समितीनं १९९३ मध्येच लहानग्यांवर लेखन-वाचन-गणित लादू नका आणि नर्सरीच्या प्रवेशाला परीक्षा-मुलाखती घेऊ नका, असं सांगितलं होतं. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयाला पाठ्यपुस्तक नको असंच म्हटलं आहे. इतकी वर्षं हे सांगितलं जातंय आणि तरी छोट्या गटाला गृहपाठ दिला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वय. महाराष्ट्रातल्या शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. ज्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू होणार, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन, ज्युनिअरसाठी चार, सीनिअरसाठी पाच आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण झालेली हवीत.

समजा, आपल्या मुलीचा जन्म १० नोव्हेंबर २०२३ चा आहे. २०२६ च्या डिसेंबरअखेर तिला तीन पूर्ण होतात, म्हणजे जून २०२६ मध्ये नर्सरी आणि जून २०२९ मध्ये पहिली. पण नर्सरीच्या पहिल्या दिवशी ती अडीच वर्षांची आणि वर काही महिने एवढीच असेल, आणि शेजारी बसलेलं जानेवारीत जन्मलेलं मूल तिच्याहून दहा महिन्यांनी मोठं असेल. या वयात दहा महिने म्हणजे फार मोठं अंतर. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल अजून आईला चिकटून असेल, शी-शू सांगत नसेल, तर एक वर्ष थांबायला काहीच हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्ष वाया जात नाही.

वयाची दुसरी गफलत म्हणजे सगळ्या शाळांची तारीख एकच समजणं. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात. वरच्या उदाहरणातली मुलगी ३१ मार्च २०२९ ला साडेपाच वर्षांचीही झालेली नसेल, म्हणजे तिथं तिला आणखी एक वर्ष थांबावं लागेल. आई-वडिलांपैकी कुणाची बदलीची नोकरी असेल आणि पुढं केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल, तर नर्सरीत घालतानाच हा हिशेब कागदावर मांडावा.

आता कागद. सगळ्यांत मोठा कागद जन्मदाखला. तो गावात ग्रामपंचायतीतून आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार, त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. ही मुलं आता नर्सरीच्या वयाला येत आहेत. पूर्वी जसं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किंवा प्रतिज्ञापत्रावर भागून जायचं, त्या भरवशावर राहू नये.

दाखला हातात आला की तो वाचावा. हे सांगायचं कारण, आमच्या ओळखीच्या एका घरात दाखला होता, नीट प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला होता, आणि त्यावर मुलाचं नावच नव्हतं. दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नंतर नाव घालायचं राहून गेलं. फॉर्मची शेवटची तारीख दोन दिवसांवर आल्यावर ते लक्षात आलं. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव घालायला शुल्क पडत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे काम होतं, पण वेळ लागतो.

नाव असलं तरी अक्षरं ताडून पाहावीत. जन्मदाखल्यावर 'सुनीता', आधारवर 'सुनिता', रेशनकार्डावर आईचं माहेरचं आडनाव, वडिलांच्या नावाआधी कुठं 'श्री' चिकटलेलं. आज किरकोळ वाटणारा हा फरक दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत मागं लागतो. नर्सरीच्या फॉर्मवर जे नाव जाईल तेच पुढं सरकत राहतं. म्हणून दुरुस्ती आताच करून घ्यावी.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार निघतं, त्याला बाल आधार म्हणतात. त्यासाठी बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारशी ते जोडतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं, आणि नेमकं हेच पहिलीच्या तोंडावर विसरलं जातं. याखेरीज लसीकरणाचं कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा, मुलाचे आणि पालकांचे फोटो आणि लागत असेल तर जातीचा दाखला एका पाकिटात घालून ठेवावा. मूळ कागद शाळेत ठेवायला देऊ नयेत. दाखवावेत आणि झेरॉक्स द्यावी.

आता प्रत्यक्ष नाव घालणं. सर्वांत जवळची वाट अंगणवाडीची. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं हे केंद्र. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीला ठरलेली वस्ती नेमून दिलेली असते आणि तिथल्या घरांची पाहणी सेविकाताईंनी केलेली असते, त्यामुळं पुष्कळदा आपलं घर त्यांच्या वहीत आधीच असतं.

जन्मदाखला, आईचं आणि मुलाचं आधार, लसीकरणाचं कार्ड आणि फोन नंबर घेऊन सकाळी जावं. ताई पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर नोंद करतात. एक पैसाही लागत नाही. फॉर्मची शेवटची तारीख नसते, वर्षात केव्हाही नाव घालता येतं.

अंगणवाडी म्हणजे खाऊचं केंद्र एवढीच समजूत असेल तर ती सोडावी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथं रोज ठरलेले उष्मांक आणि प्रथिनं मिळतील असा आहार द्यायचा असतो. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचं माप. त्याखेरीज वजन-उंची मोजणं, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं हेही होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासतं. कमी ऐकू येणं, बोलायला उशीर, डोळ्यांतला तिरळेपणा अशा गोष्टी तिथं लवकर पकडल्या जातात. शिकण्यासाठी राज्याचा 'आकार' हा अभ्यासक्रम आहे आणि २०२४ मध्ये केंद्रानं 'आधारशिला' हा आराखडा आणला.

गडबड होते ती हजेरीची. आहार मिळाला की मूल उचलून घरी न्यायचं, किंवा नाव अंगणवाडीत आणि मूल दुसरीकडं, असं झालं तर खेळ आणि गोष्टींचा निम्मा भाग हुकतो. सेविकाताईंकडं शिकवण्याबरोबर सर्वेक्षणं, बैठका आणि ॲपवरच्या नोंदींचं मोठं ओझं असतं, हे आपणही समजून घ्यावं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं जाऊन बसावं. जमत असेल तर मुलांना एक गोष्ट सांगावी.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. निघण्याआधी सेविकाताईंना सांगून मुलाची नोंद स्थलांतरित करून घ्यावी आणि पोचल्या गावी अंगणवाडीत लगेच दाखवावी. नोंद जुन्या गावात अडकून राहिली की आहार, वजन आणि लस या तिन्हींत खंड पडतो.

आता खासगी नर्सरी. इथं जाहिरात वाचण्याआधी आपण पायांनी चौकशी करावी. शाळा भरलेली असताना जावं. वर्ग बघू देत नसतील, तर तिथंच विचारात पडावं. जमिनीवर बसायला जागा आहे का, संडास मुलांच्या उंचीचा आणि कोरडा आहे का, फाटक आतून बंद राहतं का, पिण्याचं पाणी कुठं आहे, ते बघावं. राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाच्या मानकांप्रमाणं तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागं एक मोठं माणूस हवं. एका बाईंकडं चाळीस मुलं असतील, तर कितीही रंगीत भिंती असल्या तरी उपयोग नाही.

मग भाषा. घरी मराठी बोलणारं मूल पहिल्याच दिवशी फक्त इंग्रजी ऐकू लागलं की पुष्कळदा गप्प होतं, आणि ते गप्प बसणं शिस्त समजली जाते. बाई मुलाशी त्याच्या भाषेत बोलतात का, एवढं तरी जरूर पाहावं. पुढं माध्यम कुठलंही घ्या, तहान लागली हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "इथून पहिलीत आपोआप जाता येतं का?" कित्येक नर्सरी स्वतंत्र चालतात, त्यांना पुढची शाळा जोडलेली नसते. तीन वर्षांनी पुन्हा सगळं नव्यानं करावं लागतं. जोडलेली शाळा असेल तर तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळखक्रमांक, आणि मान्यतेचं पत्र पाहावं. फी किती हप्त्यांत, मध्येच सोडल्यास काय परत मिळतं, बस आणि गणवेश फीत आहेत की वेगळे, हे लेखी घ्यावं. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पहिलीच्या प्रवेशाला मुलाची वा पालकांची मुलाखत घेणं आणि देणगी मागणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केलेलं आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

फी परवडणारी नसेल तर याच कायद्यातली २५ टक्के राखीव जागांची वाट आहे. सगळे तिला आरटीई म्हणतात. खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या सुरुवातीच्या वर्गातल्या निदान एक चतुर्थांश जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. २०२४ मध्ये राज्यानं एक बदल करून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. जाहिरात ठरलेल्या दिवसांसाठीच येते, म्हणून जानेवारीपासून शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नजर ठेवावी. घराजवळच्या शाळा निवडायच्या, मग सोडत निघते, म्हणजे संगणकावर चिठ्ठी. नाव लागलं की पडताळणी समितीसमोर मूळ कागद दाखवायचे आणि मग शाळेत प्रवेश निश्चित करायचा.

अर्ज बाद होतात ते बहुधा साध्या कारणांनी. नकाशावर घराची खूण दुसऱ्याच गल्लीत पडते आणि अंतर चुकतं. एकाच मुलाचे दोन अर्ज भरले जातात. भाडेकरार साध्या कागदावर केलेला असतो, तिथं दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला लागतो. दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोडतीनंतर काढायला घेतलेला असतो. आणि निवड झाल्याचा संदेश येतो तो सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइलवर, कारण अर्जात त्याचाच नंबर टाकलेला असतो. नंबर आपलाच द्यावा आणि संदेशाची वाट न पाहता संकेतस्थळावर स्वतः पाहावं.

प्रवेश झाला. आता पहिले पंधरा दिवस. मूल रडणार, हे धरूनच चालावं. काही मुलं पहिल्या दिवशी हसत जातात आणि चौथ्या दिवशी फाटकाला धरून बसतात. नजर चुकवून निघून जाऊ नये. नाहीतर उद्या ते आपला पदर सोडणारच नाही. "खाऊ खाल्ला की मी येते" असं त्याला समजेल त्या खुणेनं सांगावं, कारण 'अकरा वाजता' हे त्याला कळत नाही. दप्तरात कपड्यांचा एक जोड, नावाची चिठ्ठी आणि स्वतःला उघडता येईल असा डबा द्यावा. झाकण घट्ट असेल तर मूल उपाशी राहतं आणि सांगतही नाही.

आणायला पाच मिनिटं आधीच पोचावं. घरी येताना "आज काय शिकवलं?" असं विचारलं, तर बहुतेक मुलं "काही नाही" म्हणतात. "शेजारी कोण बसलं होतं?" विचारलं की मग हळूहळू सगळं बाहेर येतं: कुणी कुणाचा डबा खाल्ला, कोण रडलं आणि बाईंनी कुणाला मांडीवर घेतलं.